प्रसंगावधान: बाईचं आणि यंत्राचं

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजतात आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला कळतं, आज स्वारी दमून आली आहे, आत्ता विजेच्या बिलाचा विषय नको. मुलानं दप्तर कसं टाकलं यावरून गणिताचा पेपर कसा गेला ते समजतं. सासूबाई "मला काही नको" म्हणाल्या, तर त्याचा अर्थ कधी खरोखरच नको असा असतो आणि कधी "अर्धा कप टाक" असा! हे ओळखायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि याला कुणी विद्याही म्हणत नाही.

पण काय गंमत आहे पाहा, हीच गोष्ट यंत्राला शिकवण्यासाठी गेली तीस-पस्तीस वर्षं जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा खपत आहेत. माणूस कुठं आहे, काय करतो आहे, त्याला आत्ता काय हवं असेल, हे भोवतालच्या खुणांवरून ओळखून वागणारी यंत्रं. इंग्रजीत त्यांना 'कॉन्टेक्स्ट-अवेअर' म्हणतात. आपल्याकडे 'प्रसंगावधान' हा फार चांगला शब्द आहे, तो मी इथं वापरणार आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूवर आजकाल 'स्मार्ट' अशी चिठ्ठी असते. ते प्रसंगावधान खरं किती आणि विक्रेत्याच्या तोंडचं किती, हे आपल्याला कळायला हवं, कारण ती वस्तू वापरायची असते आपल्याला.

असं एक यंत्र तर आपल्या हातातच असतं. फोन कानाला लावला की त्याचा पडदा काळा होतो, हे तुम्ही रोज पाहता. वरच्या बाजूला एक बारीकसा संवेदक असतो. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो, तो गालावर आपटून परत आला की फोन समजतो, आता बाई बोलते आहे, गालानं नको ती बटणं दाबली जायची! उन्हात गेलं की पडदा उजळ होतो, फोन आडवा केला की चित्र आडवं होतं. फोन तिरका किंवा आडवा धरला आहे की तोंडाजवळ नेला आहे हे ओळखून वागणारं हातातलं यंत्र कसं करावं, याचे प्रयोग मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या केन हिंकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केले होते.

त्याच्याही आधीची गोष्ट इंग्लंडमधल्या केंब्रिजची. तिथल्या ऑलिव्हेटी कंपनीच्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला लावला. तो दर पंधरा सेकंदांनी अदृश्य प्रकाशाचा इशारा द्यायचा आणि खोल्याखोल्यांतले संवेदक तो टिपायचे. फोन आला की टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना समोर दिसायचं, अमुक गृहस्थ आत्ता तमक्या खोलीत आहेत, आणि फोन त्या खोलीत जायचा. रॉय वाँट, अँडी हॉपर वगैरे मंडळींनी हा प्रयोग १९९२ साली छापला. आदल्याच वर्षी, १९९१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या मार्क वाइझर यांनी लिहिलं होतं की पुढच्या काळात एकेका खोलीत शेकडो संगणक असतील आणि कुणाचं त्यांच्याकडे लक्षही जाणार नाही. शेकडो नसतील, पण वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, टीव्ही, गीझर, फोन, मुलाचं घड्याळ अशी मोजणी केली तर आपल्या घरात आठ-दहा तरी निघतीलच.

आता जरा मागे येते. यंत्रानं आपल्याला ओळखावं ही पुढची पायरी झाली. आधी आपल्याला यंत्र तरी ओळखता यायला नको का? माणूस आणि यंत्र जिथं भेटतात, म्हणजे बटणं, दिवे, पडदा, आवाज, त्या जागेला 'इंटरफेस' म्हणतात. याचं सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या ओट्यावर आहे. दोन बर्नरच्या शेगडीत घोटाळा नसतो, डावं बटण डाव्याचं, उजवं उजव्याचं. चार बर्नरची शेगडी आली की बर्नर चौकोनात आणि बटणं एका सरळ ओळीत! मग दूध मागच्यावर आणि ज्योत पुढच्यावर. वाकून वाकून बघावं लागतं. १९५९ साली अमेरिकेत चापानिस आणि लिंडेनबॉम या दोघांनी वेगवेगळ्या मांडणीच्या शेगड्यांवर माणसं किती वेळात आणि किती अचूक बटण फिरवतात ते मोजलं. बर्नर एकामागे एक सरळ न ठेवता जरा सरकवून मांडले, की कोणतं बटण कुणाचं ते पाहताक्षणी कळतं आणि चुका होत नाहीत, असं दिसून आलं. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात याच शेगडीवर बरंच लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की रोजची वस्तू वापरताना माणूस पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर चूक वस्तूच्या मांडणीत शोधावी. मला हे वाचून फार बरं वाटलं. "तुला मशीनमधलं काही कळत नाही" हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं असेल! इतकी वर्षं होऊन आजही बाजारात बहुतेक चार बर्नरच्या शेगड्या त्याच जुन्या मांडणीच्या मिळतात, ते वेगळंच.

आपल्या मुंबईतही या विषयावर काम चालतं, पवईच्या आयआयटीतल्या डिझाईन विभागात. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेलं 'स्वरचक्र' तुमच्यापैकी काहींनी फोनवर वापरलंही असेल. मराठीची सगळी बाराखडी फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कशी मावायची? त्यांनी युक्ती अशी केली, की 'क' वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु असे पर्याय दिसतात. बोट सरकवलं की अक्षर तयार. ज्या वेळी जे लागतं तेवढंच समोर येतं आणि बाकीचा पसारा नाही. पाहुणे जेवायला बसल्यावर पानाजवळ तेवढंच आणून ठेवावं, तसं.

प्रसंगावधानी वस्तू घरात आली ती जपानमध्ये. १९९० साली मात्सुशिता कंपनीनं, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकनं, 'फझी' वॉशिंग मशीन काढलं. त्याच्या जपानी नावाचा अर्थ होतो 'लाडकी बायको'! (धुणं कुणी करायचं हे त्यांनी नावातच सांगून टाकलं.) त्यात गंमत अशी होती की कपडे किती मळले आहेत हे मशीन स्वतः ओळखायचं. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडायचा आणि पलीकडे किती पोचतो ते पाहायचं. पाणी जितकं गढूळ तितका प्रकाश कमी. मातीचा मळ पाण्यात लवकर उतरतो, तेलकट मळाला वेळ लागतो, म्हणून पाणी किती वेळानं गढूळ व्हायचं थांबलं यावरून मळाची जात कळायची. मग किती वेळ धुवायचं ते मशीन ठरवायचं. यामागचं 'थोडं मळकं', 'बरंच मळकं' असं हिशेबात धरणारं गणित बर्कलीचे लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलं होतं. आपण भाजी करताना 'अंदाजानं मीठ' म्हणतो ना, तसं ते अंदाजाचं गणित. जपानमध्ये तो शब्द इतका लोकप्रिय झाला की १९९० च्या नव्या शब्दांच्या बक्षिसात 'फझी'ला मान मिळाला.

मशीनला मळ कळला हे खरं. पण त्यातला एक फ्रॉक उद्या सकाळी गॅदरिंगला हवा आहे, हे त्याला कुठून कळणार? आजीचं लुगडं विरत चाललं आहे आणि त्याला पीळ सोसणार नाही, हेही पाण्यातून प्रकाश सोडून दिसत नाही. यंत्राला प्रसंगाचा जेवढा तुकडा संवेदकातून दिसतो, तेवढाच त्याच्यासाठी प्रसंग.

ही गोष्ट ल्यूसी सचमन या बाईंनी फार छान दाखवली आहे. त्या मानववंशशास्त्राच्या, म्हणजे माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या, आणि नोकरी त्याच झेरॉक्सच्या केंद्रात. कंपनीनं कॉपी काढायच्या यंत्राला 'समजूतदार' मदतनीस जोडला होता, तो पडद्यावर सूचना द्यायचा. सचमनबाईंनी दोन-दोन माणसांना त्या यंत्रापुढे उभं केलं, म्हणजे ती आपसांत बोलतील, आणि सगळ्याचं चित्रीकरण केलं. मग एक तक्ता आखला. एका रकान्यात माणसं काय बोलली आणि काय केलं, पण यंत्राला जे कळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्यात यंत्राला जे कळलं. पहिला रकाना भरगच्च: "हे कुठं ठेवायचं?", "असं नाही, उलटं", "आता काय म्हणतंय ते?" आणि दुसऱ्यात काय, तर झाकण उघडलं, बटण दाबलं. माणसं गोंधळून उभी आणि यंत्राच्या मते सगळं व्यवस्थित चाललेलं! त्यांचं पुस्तक १९८७ साली निघालं. मी शाळेत काही तास शिकवते. फळ्याकडे तोंड करून "समजलं का?" विचारलं की पाठीमागून "हो बाईऽऽ" येतंच. वळून चेहरे पाहिले की खरं काय ते कळतं. यंत्राला वळून पाहता येत नाही, ही त्याची मोठी अडचण.

याच अडचणीमुळे एक प्रसिद्ध फजिती झाली. १९९७ च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये कागदाला लावायच्या क्लिपचं एक चित्र मध्येच टपकायचं आणि "पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का?" असं विचारायचं. लोक वैतागले. २००७ च्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. न विचारता येऊन भांडं हलवून जाणारी शेजारीण कुणाला हवी असते?

आता घरांविषयी सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी मायकेल मोझर या प्राध्यापकांनी स्वतः राहत होते त्याच घरावर प्रयोग केला. घर म्हणजे १९०५ साली बांधलेली तीन खोल्यांची शाळा. नव्वदच्या दशकात तिथं त्यांनी पंचाहत्तरावर संवेदक बसवले. उजेड, उष्णता, आवाज, हालचाल, दारं उघडी की बंद, सगळं टिपलं जायचं, आणि त्यावरून दिवे आणि खोल्या गरम करण्याची व्यवस्था आपोआप चालायची. या योजनेच्या नावाच्या आद्याक्षरांतून जो इंग्रजी शब्द होतो, त्याचा अर्थ 'दुखणं'. मुद्दामच ठेवलेला दिसतो.

घराला शिकवायची रीत ऐका. घर दोन खर्च मांडायचं, एक विजेचा आणि इंधनाचा, दुसरा माणसाच्या गैरसोयीचा, आणि दोन्ही डॉलरमध्ये. माणसानं उठून स्वतः दिवा वाढवला, म्हणजे गैरसोय झाली, तेवढा दंड. मधूनमधून घर मुद्दाम दिवा थोडा मंद करून पाहायचं. माणूस काही बोलला नाही, बटणाला हात लावला नाही, म्हणजे एवढा उजेड पुरतो असं समजायचं. हे वाचून मला हसूच आलं. चहात साखर अर्धा चमचा कमी घालून कुणाच्या लक्षात येतं का ते पाहायचं, हा प्रयोग आपल्या घराघरांत कधीपासून चालू आहे!

पण मोझर यांनी एक गोष्ट प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. कामावर उशीर झाला की त्यांना वाटू लागलं, घर आपल्या येण्याची अपेक्षा करत असेल. त्यांची राहणी घराच्या अंदाजाप्रमाणे अधिक नियमित होऊ लागली. म्हणजे घर माणसाला शिकत होतं तसा माणूसही घराला शिकत होता. आणि ते घर मुख्यतः एका माणसाच्या सवयींवर शिकलेलं. आपल्याकडे पाच माणसं. आजोबांना पंखा दोनवर, मुलाला पाचवर, हे झोपेत पांघरूण ओढणार. कुणाच्या बटण दाबण्याला घर गैरसोय समजणार? की शेवटी ज्याचा हात बटणावर जास्त, त्याचंच चालणार?

दुसरं घर अटलांटा शहरातलं, जॉर्जिया टेक या विद्यापीठानं शतक बदलताना खास संशोधनासाठी बांधलेलं, तीन मजली. त्याच्या स्वयंपाकघरातला एक प्रयोग मला फार आवडला. फोडणी घातली, तेवढ्यात दाराची बेल वाजली, कुरिअरवाला, मग फोन, मग धाकट्याचं भांडण. परत येऊन पाहता तर आठवेना, मीठ घातलं की नाही? तिथं ओट्यावरच्या कपाटाखाली कॅमेरे लावले, ते फक्त ओट्याकडे पाहणारे. आणि समोर एका पडद्यावर शेवटच्या काही कृतींची छायाचित्रं ओळीनं. चमचा हातात, पीठ पडताना, अंडं फोडताना. पडदा कोणतीही सूचना देत नाही, "आता मीठ घाला" म्हणत नाही. झालं काय एवढंच दाखवतो, पुढचं बाईनं ठरवायचं. सुगरणीला सल्ला नको असतो, आठवण हवी असते, हे ज्यानं ओळखलं त्यानं कधीतरी स्वयंपाक केलेला असणार.

त्याच घरातून निघालेली दुसरी कल्पना मात्र विचारात टाकणारी आहे. एलिझाबेथ माय्नॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तसबीर केली. दूर एकट्या राहणाऱ्या आईचा फोटो मुलाच्या घरी भिंतीवर, आणि चौकटीभोवती फुलपाखरं. एकेक फुलपाखरू एका दिवसाचं, अशी अठ्ठावीस दिवसांची. आईच्या घरातल्या संवेदकांना त्या दिवशी बरीच हालचाल जाणवली तर फुलपाखरू मोठं, कमी असेल तर लहान. आई काय करते, कुणाशी बोलते, काय खाते, काही दिसत नाही. एका वृद्ध आईच्या आणि तिच्या मुलाच्या घरी वर्षभर ती लावून पाहिली आणि २००५ साली त्याचा वृत्तांत छापला. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीनं २००१ पासून अशीच एक चहाच्या पाण्याची किटली दिली. म्हातारीनं गरम पाणी घेतलं की त्याची नोंद मुलाला ई-मेलनं कळते.

आपल्या गावांतून हे काम शेजार करत आला आहे. सकाळी दारावर अडकवलेल्या पिशवीत दूध तसंच, सडा-रांगोळी नाही, की समोरच्या काकू कडी वाजवून विचारतात, "काय हो, बरं आहे ना?" पण मुलं पुण्याला किंवा परदेशात, वाड्याच्या जागी इमारती आणि समोरचं दार दिवसभर बंद. मग मुलगा सुट्टीत येतो आणि आईच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवून जातो. हेतू चांगलाच असतो. पण ती आई नंतर पदर सावरून बसते, शेजारीण आली की आवाज खाली करते, दुपारी सोफ्यावर आडवी व्हायला संकोचते. किटलीला हे काही कळत नाही, आणि म्हणूनच मला किटली बरी वाटते. कमी सांगणारं यंत्र काही वेळा जास्त सभ्य असतं. अर्थात किटली गप्प राहिली तर एकादशीचा निर्जळी उपास आहे, की भजनाला गेल्या आहेत, की खरोखरच काही झालं आहे, ते तिला सांगता यायचं नाही. त्यासाठी फोन करावा लागेल आणि समोरच्या काकूंचा नंबर जवळ असावा लागेल. कॅमेरा लावायचाच असला तर निदान आईला विचारून, तिला बंद करता येईल असा आणि दिवा लागल्यावर चालू आहे हे तिला दिसेल असा लावावा. घरकामाच्या बाईंनाही तो आहे हे सांगायला हवं.

व्हिक्टोरिया बेलोटी आणि कीथ एडवर्ड्स या दोघांनी २००१ साली एक साधी अट घातली होती. यंत्र तुमच्याविषयी काही ओळखून वागणार असेल, तर त्याला काय कळलं, ते कसं कळलं आणि त्यावरून ते काय करणार आहे, हे त्यानं तुम्हाला सांगितलं पाहिजे. आणि ते चुकलं तर तुम्हाला ते थांबवता आलं पाहिजे. दुकानात गेल्यावर मी हेच विचारा असं सांगेन. मशीन स्वतःच वेळ ठरवतं म्हणता, मग मला वेळ कमी करायची असेल तर कोणतं बटण? मध्येच बंद करून एक मोजा आत टाकता येईल का? वीज गेली आणि आली तर जिथं होतं तिथून चालू होईल की पहिल्यापासून? बिघाड झाला की नुसतं इंग्रजी अक्षर आणि आकडा दाखवणार, की काय बिघडलं तेही सांगणार?

आणखी एक, ते बहुतेक घरी येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. एसी, दिवे, गीझर फोनवरून चालतात, पण कुणाच्या फोनवरून? बसवणारा माणूस समोर उभ्या असलेल्या यजमानांचा नंबर घालून मोकळा होतो. मग हे ऑफिसात, आणि घरातल्या एसीला ओळख फक्त त्यांच्या फोनची! बसवतानाच घरातल्या दुसऱ्या माणसांचेही फोन जोडून घ्यावेत आणि भिंतीवरचं साधं बटण काढू देऊ नये. फोनची बॅटरी संपते, इंटरनेट जातं, पाहुण्यांना रात्री दिवा लावायचा असतो.

आणि जमलं तर दुकानात सासूबाईंना किंवा घरातल्या सगळ्यात वडील माणसाला बरोबर न्या. विक्रेत्याला म्हणावं, तुम्ही पाच मिनिटं काही बोलू नका. वस्तू त्यांच्या हातात द्या आणि कुठं अडतं ते नुसतं पाहत राहा.